जर्मनीची 'नोटगेल्ड' नाणी: महागाईची किती आणि नुसत्या चिल्लरटंचाईची किती?

टांकसाळवाला

जुन्या नाण्यांच्या बाजारात 'जर्मन हायपरइन्फ्लेशन, १९२३' अशी चिठ्ठी लावलेली पुडकी मिळतात. आत बघावं तर १० फेनिग, ५० फेनिग (१०० फेनिगचा १ मार्क), साल १९१७, १९१८, १९२०. म्हणजे चिठ्ठी चुकीची. यातली बरीचशी नाणी नोटगेल्ड, म्हणजे टंचाईत गावांनी आणि कंपन्यांनी काढलेला आणीबाणीचा पैसा. हा धागा त्यासाठीच, की पुडक्यातलं कोणतं नाणं कोणत्या काळातलं हे एकदा नीट लावून घेता यावं. ज्यांना जे पक्कं माहीत आहे त्यांनी भर घालावी.

सुरुवात महागाईने झालीच नाही. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटल्याबरोबर लोकांनी चांदीची नाणी घरात दडवली. पुढे तोफगोळ्यांच्या कारखान्यांना तांबं आणि निकेल लागायला लागलं, तेव्हा सरकारने निकेलची चिल्लरही व्यवहारातून काढून घ्यायला सुरुवात केली. ट्रामचं तिकीट, पाव, बिअर, कशालाच मोड मिळेना. मग १९१६-१७ पासून शहरं, जिल्हे, कारखाने, ट्राम कंपन्या यांनी आपापली नाणी पाडून घेतली. लोखंड, जस्त, थोडं ॲल्युमिनियम. दर्शनी किंमत बहुतेक ५, १०, ५० फेनिग. नाण्यांपुरतं बोलायचं तर नोटगेल्डची सगळ्यात मोठी लाट हीच.

१९१९ ते २१ मध्ये दुसरी लाट आली. टंचाई होतीच, पण तोवर संग्राहकही जागे झाले होते, आणि नगरपालिकांच्या लक्षात आलं की जे नाणं कोणी परत वटवायला आणत नाही तो निव्वळ नफा. त्यामुळे या काळातली नाणी दिसायला जास्त देखणी. बॉन शहराने १९२० मध्ये बेथोव्हेनच्या जन्माला दीडशे वर्षं झाली म्हणून त्याचा चेहरा लोखंडी नाण्यांवर घातला, तो याच हिशेबातला. जुलै १९२२ मध्ये सरकारने कायदा करून या प्रकाराला आवर घातला.

खरी महागाईची लाट तिसरी, १९२२ च्या शरदापासून १९२३ अखेरपर्यंत. ती जवळजवळ सगळी कागदी आहे.

चिल्लर_चोर

कागदीच का, याचं गणित मांडून टाकतो, म्हणजे वाद मिटेल.

१९१४ मध्ये १ डॉलरला ४.२ मार्क. जानेवारी १९२३ मध्ये सरासरी सुमारे १८ हजार, जुलैत साडेतीन लाख, ऑगस्टमध्ये ४६ लाख, २० नोव्हेंबरला ४.२ लाख कोटी.

सरकारने १९२३ मध्ये २०० मार्कचं ॲल्युमिनियमचं नाणं काढलं. व्यास २३ मिमी, वजन बरोबर १ ग्रॅम. जुलैच्या सरासरी दराने १ डॉलरची २०० मार्कची नाणी मोजली तर भरतात साधारण १,७७० नग, म्हणजे पावणेदोन किलो धातू. ऑगस्टच्या दराने २३ हजार नग, २३ किलो ॲल्युमिनियम. एका डॉलरला २३ किलो! भंगारवाल्याने डोळे झाकून घेतलं असतं. ठसा कोरायचा, चकत्या पाडायच्या, छापायच्या, पोत्यात भरून पाठवायच्या, तोवर नाणं पोत्याच्याही किमतीचं राहत नव्हतं. नोटेला हा प्रश्न नाही. जुन्या नोटेवर लाल शाईत नवा आकडा मारला की ती चालू.

मोडी_लिपी

पहिली गाळणी याच २०० मार्कवर लावा. ते नोटगेल्ड नाही, सरकारी नाणं आहे. सरकारी नाण्यावर 'डॉइचेस राइख' (जर्मन राज्य) असतं, नोटगेल्डवर गावाचं, जिल्ह्याचं किंवा कंपनीचं नाव असतं. पुडक्यात हमखास मिसळलेली सरकारी नाणी अशी:

५ आणि १० फेनिग लोखंडी, १९१५ पासूनची; १० फेनिग जस्ताचं, १९१७ ते २२; १ फेनिग ॲल्युमिनियमचं, १९१६ ते १८; ५० फेनिग ॲल्युमिनियमचं, १९१९ ते २२, यावर गव्हाची पेंढी आणि 'झिश रेगन ब्रिंग्ट झेगन' ही ओळ; ३ मार्क ॲल्युमिनियम, १९२२-२३, २८ मिमी, २ ग्रॅम, त्यातल्या एका प्रकारावर गरुडाभोवती ११ ऑगस्ट १९२२ च्या संविधान दिनाचा लेख; २०० मार्क आणि ५०० मार्क, १९२३, दुसरं २७ मिमी आणि १.६७ ग्रॅम.

यातली ३, २०० आणि ५०० मार्कची नाणी महागाईचीच आहेत, पण 'आणीबाणीची' नाहीत. सरकारी टांकसाळींची अक्षरं बघा: ए बर्लिन, डी म्युनिक, ई मुल्डनह्युटन, एफ श्टुटगार्ट, जी कार्ल्सरुह, जे हॅम्बुर्ग. नोटगेल्ड बहुतेक खाजगी कारखान्यांत पाडलं गेलं. न्युरेम्बर्गचा लाउअर आणि श्टुटगार्टचा मायर उंड विल्हेल्म हे त्यातले मोठे.

जस्ती_बादली

धातू ओळखण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण एकच नाणं दोन-तीन धातूंत पाडलेलं असतं आणि किंमत त्यावर ठरते. राखाडी लोखंड आणि राखाडी जस्त फोटोत सारखंच दिसतं.

लोहचुंबक घ्या, निओडिमियमचा छोटा चालेल. त्यावर कागदी चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर तो झेपावून नाण्यावर ओरखडा काढतो. चिकटलं तर लोखंड. चिकटलं पण रंग दुधी-राखाडी, गंजाचा डाग नाही, तर जस्ताचा थर दिलेलं लोखंड. चिकटलं नाही तर जस्त, ॲल्युमिनियम किंवा क्वचित पितळ.

जस्त की ॲल्युमिनियम हे हातात घेतल्यावर कळतंच, तरी आकडे असू द्या: २४ मिमी व्यासाची आणि दीड मिमी जाडीची सपाट चकती ॲल्युमिनियमची १.८ ग्रॅम, जस्ताची ४.८, लोखंडाची ५.३ भरते. छापामुळे थोडा फरक पडतो, पण १.८ आणि ४.८ मध्ये घोटाळा व्हायचं कारण नाही.

शंका उरलीच तर घनता काढा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. नाणं बारीक नायलॉन दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तेवढे घन सेंटिमीटर नाण्याचं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा. ॲल्युमिनियम २.७, जस्त ७.१, लोखंड ७.९, पितळ साडेआठच्या आसपास. सगळ्यात जास्त चूक होते ती नाण्याला चिकटलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे. घनता अपेक्षेपेक्षा कमी आली तर आधी बुडबुडे बघा. पाण्यात द्रव साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे सुटतात. आणि १ ग्रॅमच्या नाण्यात आकारमानच ०.३७ येतं, तिथे काट्याचा शेवटचा अंक एकाने हलला तर उत्तर तीन टक्क्यांनी हलतं, त्यामुळे तीनदा मोजून सरासरी घ्या.

लोखंडी नाणं मात्र पाण्यात घालूच नका. चुंबकाने उत्तर मिळालेलं असतं, मग गंजाला आमंत्रण कशाला?

टांकसाळवाला

उत्तम. वेस्टफालियाबद्दल कोणीतरी लिहा. महागाईच्या नाण्यांत सगळ्यात जास्त विचारलं जातं ते तेच.

पैपैका

लिहितो. वेस्टफालिया प्रांताच्या लांडेसबांक या बँकेने १९२१ ते २३ या सालांची मालिका काढली. बहुतेकांवर एका बाजूला फ्रायहेर फॉम श्टाइन हा प्रशियाचा सुधारक मंत्री, दुसऱ्या बाजूला मागच्या पायांवर उभा राहिलेला वेस्टफालियाचा घोडा. मालिकेतल्या काही नाण्यांवर आनेट फॉन ड्रोस्ट-ह्युल्सहोफ या कवयित्रीचा चेहरा आहे. दर्शनी किंमत बघत गेलं तर महागाईचा आलेखच हातात येतो: १९२१ मध्ये ५० फेनिग, १, ५, १० मार्क, १९२२ मध्ये १०० आणि ५००, १९२३ मध्ये पाव मिलियन म्हणजे अडीच लाख, मग ५० मिलियन म्हणजे ५ कोटी, आणि शेवटी १ बिलियन.

इथे आकड्यात फसू नका. जर्मन बिलियन म्हणजे एकावर बारा शून्य, १ लाख कोटी. आपण इंग्रजी बिलियन धरतो ते जर्मनांचं मिलियार्ड, १०० कोटी. विक्रेते या नाण्याला सर्रास 'वन बिलियन' लिहितात आणि गिऱ्हाईक हजारपटीने चुकतं.

हे बिलियनचं नाणं ६० मिमीचं आहे, सोनेरी किंवा चंदेरी मुलाम्याचं. रेंटेनमार्क हे नवं चलन १५ नोव्हेंबर १९२३ ला आलं आणि १ रेंटेनमार्क बरोबर १ बिलियन कागदी मार्क असा हिशेब ठरला. म्हणजे या थाळीएवढ्या नाण्याची किंमत झाली १ रेंटेनमार्क. लोकांनी ते आठवण म्हणून विकत घेतलं, पाव आणायला कोणी नेलं नाही.

चिल्लर_चोर

मग ते नाणं धरायचं की पदक? माझ्या मते पदकच. जे चलनात फिरलं नाही ते चलन नव्हे.

पैपैका

पटत नाही. काढणारी प्रांताची अधिकृत बँक, दर्शनी किंमत छापलेली, मालिका तीच, आणि जर्मन कॅटलॉगमध्ये ते नाण्यांतच धरलेलं आहे. तुमच्या व्याख्येने १९२१ ची निम्मी नोटगेल्ड नाणी बाद होतील, कारण ती थेट संग्राहकांच्या डब्यात गेली. पदक बघायचं असेल तर ते वेगळं आहे: 'जर्मन जनतेचा यातनामार्ग' अशा अर्थाचा लेख असलेली पदकं. त्यांवर १ नोव्हेंबर १९२३ चे भाव कोरलेत, अर्धा किलो पाव ३ मिलियार्ड, अर्धा किलो मांस ३६ मिलियार्ड, बिअरचा पेला ४ मिलियार्ड. त्यांच्यावर ना काढणाऱ्या बँकेचं नाव, ना चलनाची दर्शनी किंमत. तीही 'हायपरइन्फ्लेशन कॉइन' म्हणून विकतात, तिथे मात्र जरूर भांडा.

चिल्लर_चोर

चालेल, आपण दोघं दोन कप्प्यांत ठेवू.

बिलियनच्या हल्लीच्या नकला भरपूर आहेत. ओतीव नक्कल भिंगाखाली लगेच कळते: घोड्याच्या आयाळीतल्या रेषा बोथट, सपाट जागेत टाचणीच्या टोकाएवढी भोकं, कडेला फिरती शिवण किंवा ती घासून काढल्याच्या तिरप्या रेघा. ठशाने पाडलेल्या अस्सल नाण्यात अक्षराची बाजू नाण्याच्या सपाट भागातून सरळ वर उठते, ओतीवमध्ये ती पायथ्याशी गोलसर होते. नुसत्या मुलाम्याच्या चमकेवरून काहीच ठरवू नका.

मोडी_लिपी

१९२३ ची अस्सल गरजेपोटी काढलेली नाणी हवी असतील तर हॅम्बुर्गकडे बघा. हॅम्बुर्गिशे बांक फॉन १९२३ या बँकेची ॲल्युमिनियमची छोटी नाणी, ५/१०० आणि १/१० 'फेरेश्नुंग्समार्के', म्हणजे हिशेबाची टोकनं. कागदी मार्कशी संबंध तोडून सोन्याच्या मार्कशी बांधलेला हिशेब, ४.२० ला १ डॉलर. श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतानेही याच धर्तीची ५/१०० आणि १०/१०० ची काढली.

आता गंमत बघा. नोव्हेंबर १९२३ च्या अखेरच्या दराने हॅम्बुर्गच्या ५/१०० ची किंमत ५० मिलियार्ड कागदी मार्क, म्हणजे ५,००० कोटी. वेस्टफालियाच्या ५ कोटींच्या दणदणीत नाण्यासारखी एक हजार नाणी द्या, तेव्हा हे चिमुकलं एक मिळेल. लिलावात मात्र मोठ्या आकड्याला भाव येतो. महागाई थांबवण्यात ज्या जातीच्या पैशाचा हात होता तो दोन ओळींत निकाली काढतात.

माती_भाजकी

पोर्सेलिनचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

माइसेनच्या सरकारी पोर्सेलिन कारखान्याने १९२०-२१ पासून नाणी केली, संचालक मॅक्स आडोल्फ फायफर आणि आकृत्या बहुतांशी पाउल ब्योर्नरच्या. दोन माती: तपकिरी-तांबूस 'ब्योटगर' दगडमाती आणि झिलई न दिलेलं पांढरं पोर्सेलिन. खूण म्हणजे एकमेकांवरून गेलेल्या दोन तलवारी. झाक्सन राज्यासाठी २० फेनिग ते २० मार्कपर्यंतची मालिका झाली, काहींची कड सोनेरी. शिवाय कितीतरी शहरांसाठीही केली.

व्यास मोजून 'खोटं' असा शिक्का मारू नका. भट्टीत माइसेनची पोर्सेलिन माती साधारण सहावा हिस्सा आकसते, आणि प्रत्येक खेपेत थोडी कमी-जास्त. एकाच प्रकारच्या दोन अस्सल नाण्यांत काही दशांश मिमीचा फरक येणारच. धातूच्या नाण्याचा निकष इथे लावायचा नाही. त्याऐवजी तलवारींच्या रेषा धारदार आहेत का ते बघा. अस्सल नाणं ठशात दाबून काढलेलं असतं. नाण्यावरून साचा घेऊन केलेली नक्कल पुन्हा आकसते, म्हणून सरळ काही मिमीने लहान भरते आणि अक्षरं मऊ पडतात.

टकटक करून आवाज ऐकायचा सल्ला काही जण देतात. देऊ देत. कडेचा टवका उडाला की किंमत निम्म्यावर. ब्योटगर माती घट्ट असते, पाणी पीत नाही, कोमट पाणी आणि मऊ ब्रश चालतो. झिलई नसलेल्या पांढऱ्यात बोटांचा मळ पटकन बसतो, ते हातमोजे घालूनच हाताळा.

टांकसाळवाला

माती_भाजकी, आकसण्याचा मुद्दा फार कामाचा. आता आपल्या हवेतल्या साठवणुकीबद्दल. मुंबई, कोकण, गोवा इथल्या लोकांना हा प्रश्न जर्मनांपेक्षा जास्त भेडसावतो.

जस्ती_बादली

खाऱ्या, दमट हवेत तिन्ही धातू तीन तऱ्हेने मरतात. लोखंडावर तांबूस गंज. जस्तावर पांढरी भुकटी, ती खोलवर खाते. ॲल्युमिनियमवर सुईच्या टोकाएवढे खड्डे, हे मिठाच्या अंशाने पडतात, आणि घामात मीठ असतं.

पहिलं काम, मऊ पारदर्शक पीव्हीसीच्या पाकिटांतून नाणी बाहेर काढा. नव्या रेनकोटसारखा वास येतो ती पाकिटं. त्यातून हळूहळू आम्ल सुटतं आणि जस्त-ॲल्युमिनियमला तेच नको असतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची कडक पाकिटं घ्या. एमडीएफ, प्लायवूडचे खण नकोत, त्यांतूनही आम्लाची वाफ येते.

नाणी हवाबंद डब्यात, सोबत रंग बदलणारी सिलिका जेल आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४० टक्क्यांच्या खाली ठेवा. नारिंगी जेल हिरवट किंवा रंगहीन झाली की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास; तापमान वाढवलं तर रंगाचं द्रव्य जळतं. एसी खोलीतून डबा बाहेर आणला तर अर्धा-पाऊण तास उघडू नका, नाहीतर थंड नाण्यावर लगेच दव धरतं.

पैपैका

साफ कसं करायचं हेही सांगा. लोक थेट चिंच लावतात.

जस्ती_बादली

चिंच, लिंबू, व्हिनेगर, तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर, काहीही नको. जस्त आणि ॲल्युमिनियम आम्लात विरघळतात आणि अल्कलीतही, म्हणून धुण्याचा सोडाही नको. चांदीसाठी सांगतात तो सोडा आणि ॲल्युमिनियम फॉइलचा उपाय इथे लावला तर नाण्याचाच वरचा थर जातो.

तेलकट मळासाठी शुद्ध ॲसिटोन, काचेच्या वाटीत, पाच-दहा मिनिटं. नखांचा रंग काढायचं द्रव घेऊ नका, त्यात तेल आणि अत्तर असतं. खिडकी उघडी, गॅस बंद. लोखंडाच्या गंजासाठी औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन; नाणं त्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा, मग बांबूच्या काडीने सुटलेला गंज उचला, पितळी ब्रशने नाही. नंतर ॲसिटोनने तेल काढून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात. जस्ताचा थर असलेल्या लोखंडाला बाजारातलं गंज काढायचं द्रव लावलं तर आधी तो थर जातो आणि खालचं लोखंड उघडं पडतं. तिथे पॅराफिनवरच थांबा.

मोडी_लिपी

एक पुरवणी. टपाल तिकिटाच्या डब्या असतात, १९२० ते २२ च्या: पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची गोल डबी, मागे दुकानाची जाहिरात, पुढे पारदर्शक पातळ पापुद्र्यामागे खरं तिकीट. तेही नाण्यासारखंच चालायचं. यांना ॲसिटोन दाखवू नका, पापुद्रा विरघळून तिकिटावर चिकटू शकतो. खरेदी करताना डबीची कड भिंगातून बघा. मूळ कड एकसारखी दुमडलेली असते; उघडून नवं तिकीट घातलं असेल तर पात्याने उचकटल्याचे चरे दिसतात. तिकीट डबीनंतरच्या काळातलं असेल तर मग प्रश्नच मिटला.

चिल्लर_चोर

नोंद कशी ठेवायची तेही सांगून टाकतो. शहरांच्या नाण्यांसाठी वॉल्टर फुंक यांचे क्रमांक सगळीकडे चालतात, खाजगी कंपन्यांसाठी पेटर मेन्झेल यांचा कॅटलॉग. क्रमांक शोधायला पाच गोष्टी लागतात: काढणाऱ्याचं पूर्ण नाव, दर्शनी किंमत, साल, धातू, आकार. आकार म्हणजे गोल, चौकोनी, अष्टकोनी हे आणि व्यास; कोनांच्या नाण्याचा व्यास समोरासमोरच्या बाजूंमधला की कोपऱ्यांमधला ते लिहून ठेवा.

नावात 'श्टाट' म्हणजे शहर, 'क्राइस' म्हणजे जिल्हा. 'क्रीग्सगेल्ड' (युद्धाचा पैसा), 'क्लाइनगेल्डएरझाट्समार्के' (चिल्लरीऐवजीचं टोकन), 'नोटगेल्ड' यांपैकी काही छापलं असेल तर शंका नाही. नुसतं 'वेर्टमार्के' किंवा 'बिअरमार्के' असेल तर ते खानावळीचं किंवा कारखान्याच्या उपाहारगृहाचं टोकन असू शकतं. त्यात बहुधा साल नसतं आणि ते युद्धाआधीचंही असू शकतं.

माती_भाजकी

आणि कोणी म्हणालं की हे फक्त जर्मन खूळ, तर त्यांना आठवण द्या: १९१७ मध्येच आपल्याकडे चांदी पुरेना म्हणून सरकारने १ रुपयाची कागदी नोट काढली, पाठोपाठ १९१८ मध्ये अडीच रुपयांची. कारण तेच, महायुद्ध आणि धातू. फरक इतकाच की आपल्याकडे नगरपालिकांना नाणी पाडायची मुभा नव्हती.

टांकसाळवाला

सगळ्यांचे आभार. पुडकं उघडणाऱ्यांसाठी क्रम असा ठेवा: आधी 'डॉइचेस राइख' वाली बाजूला, मग साल १९२१ किंवा आधीचं बाजूला, मग उरलेल्यांत वेस्टफालिया, हॅम्बुर्ग, श्लेस्विग-होल्स्टाइन शोधा. सामान्य पुडक्यात शेवटच्या ढिगात काहीच उरत नाही, आणि विक्रेत्याशी भाव करताना तेवढं पुरतं. साल न छापलेली लोखंडी नाणी १९१७ ते २० च्या कप्प्यात ठेवून फुंक क्रमांक मिळेपर्यंत पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करा.